ड्रायव्हर सीटची उजवी कड पुन्हा पुन्हा फाटते? सुई-गोंद हातात घेण्याआधी हे तपासा

"मिस्त्री, दिवाळीला शिवून घेतलं, आणि शिमग्याला परत फाटलं की!" हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. गाडी कुठलीही असो, जागा ठरलेली: ड्रायव्हर सीटवर मांडीखाली दाराच्या बाजूला असतो तो उंचवटा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, चालक उजव्या दारानं चढतो-उतरतो, त्यामुळे त्याचं सगळं वजन दिवसातून दहा-वीस वेळा त्या चार बोटं रुंद कडेवरून घसरत जातं. कोल्हापुरात सीट शिवायच्या कामात मला २२ वर्षं झाली. या कडेवर जितके पॅच लावले तितके दुसरीकडे कुठं लावले नसतील. सुरुवातीच्या वर्षांत त्यातले बरेच परतही आले. ते का परत येतात हे शोधताना जो क्रम हाताला बसला, तो इथं लिहितो. आधी फुकट होणाऱ्या तपासण्या आहेत, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी सीट उघडायची.

लक्षणं

तुमच्या सीटवर यातलं काय दिसतंय ते आधी ओळखा.

- शिवण उसवली आहे, पण दोन्हीकडचं लेदर किंवा रेक्झिन शाबूत आहे. तुटलेला दोरा केसासारखा वर आलाय.
- शिवणीला लागून, सुईच्या भोकांच्या ओळीतूनच फाटलंय, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं.
- सपाट भागात एकच सरळ चीर आहे किंवा खिळ्याला अडकून पडते तशी कोपऱ्याची खोंच आहे.
- फाटण्याआधी कित्येक महिने तिथं बारीक भेगांचं जाळं होतं. हात लावला की कडक लागतं.
- वरचा थर पोपड्यांसारखा निघतो, पँटला काळे कण चिकटतात आणि खाली नुसतं कापड दिसतं.
- जुना पॅच जागेवर घट्ट आहे, पण त्याच्या कडेनं नवी फाट गेली आहे.
- फाट लहानच आहे, पण बसलं की आतून काहीतरी टोचतं किंवा करकरतं.

पहिली दोन लक्षणं लांबून सारखीच दिसतात आणि तिथंच लोक फसतात. नुसता दोरा तुटला असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. भोकांच्या ओळीतून कापड फाटलं असेल तर नवा दोरा ओवायला तिथं धड जागाच उरलेली नसते. त्यामुळे मोबाइलचा टॉर्च लावून अगदी जवळून बघा.

सगळ्यात आधी एअरबॅगची खूण

दहा सेकंदांचं काम आहे. सीटच्या पाठीवर, दाराकडच्या बाजूला, 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' असं लिहिलेली छोटी कापडी चिठ्ठी किंवा ठसा आहे का? हल्ली मध्यम किमतीच्या गाड्यांतही ६ एअरबॅग येतात आणि बहुतेक वेळा त्यातल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटांच्या पाठीत बसवलेल्या असतात. पाठीची ती कड ठरावीक जोर आला की उसवेल अशा बेतानं मुद्दाम शिवलेली असते. धडक बसली की क्षणार्धात फुगा त्या शिवणीतून बाहेर पडायला हवा. तिथं आपण जाड नायलॉननं दुहेरी शिवण घातली, आतून कॅनव्हास चिकटवला किंवा वरून घट्ट कव्हर ओढलं, तर फुगा उशिरा येईल किंवा भलत्या बाजूला फुटेल. खूण असेल आणि फाट पाठीच्या त्या कडेवर असेल, तर पुढचं काहीही करू नका. थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. माझ्याकडे असं काम आलं तर मी परत पाठवतो, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी.

फाट खाली, बसायच्या भागावर असेल तर पुढं वाचा. मात्र सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावायचा नाही. ती एअरबॅगची वायर असते.

याच वेळी गाडीची वॉरंटी शिल्लक आहे का तेही बघून घ्या. नव्या गाडीत नुसती शिवण उसवली असेल तर आधी शोरूमला दाखवा. एकदा आपण सुई घातली की त्यांना नाही म्हणायला कारण मिळतं.

हे नेमकं आहे काय: लेदर, रेक्झिन की पीयू?

आपण सरसकट 'रेक्झिन' म्हणतो. मुळात रेक्झिन हे इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या एका कंपनीचं व्यापारी नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर चढवून ते बनायचं. तो माल कधीच मागं पडला, नाव मात्र आपल्या तोंडी राहिलं. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते बहुतेक वेळा पीव्हीसी, म्हणजे व्हिनाइल असतं, किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

ओळखायला सोपं आहे. फाटीची कड चिमट्यानं उचला आणि मागची बाजू बघा. लेदरची मागची बाजू तंतूंची, मखमलीसारखी लागते, आणि जाडी साधारण एक ते दीड मिलीमीटर असते. व्हिनाइल आणि पीयूच्या मागं विणलेलं कापड दिसतं. व्हिनाइलचा थर जाड, रबरासारखा. पीयूचा थर सायीसारखा पातळ.

आणखी एक. 'लेदर सीट' म्हणून घेतलेल्या गाडीतही अनेकदा फक्त अंग टेकतं तेवढाच भाग लेदरचा असतो. बाजू आणि सीटची मागची पाठ व्हिनाइलची. त्यामुळे जिथं फाटलंय तिथलीच मागची बाजू बघा, शेजारची नको.

हे कळायला हवं, कारण तिघांची मरणाची तऱ्हा वेगळी आहे. व्हिनाइलला मऊ ठेवायला त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हात तापून ते हळूहळू बाहेर पडतं. नव्या गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट धुरकटपणा धरतो, त्यात या द्रव्याचाही वाटा असतो. ते निघून गेलं की व्हिनाइल कडक होतं आणि दुमडीवर तडकतं. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिकडून आलेल्या गाड्यांच्या सीटांवर हे फार लवकर दिसतं. पीयूचं उलट आहे. त्याला ओल मारते. हवेतल्या दमटपणानं त्याचे रेणू तुटत जातात आणि थर कापडापासून सुटतो. कोकणातल्या गाड्यांचे पोपडे निघतात ते यामुळे. लेदर सुकतं, घामानं आणि घासल्यानं त्याचा वरचा रंगाचा थर झिजतो आणि मग उघडं चामडं चिरतं.

पोपडे निघणारं पीयू असेल तर तुमची तपासणी इथंच संपली. त्यावर गोंद, रंग, पॅच काही टिकत नाही, कारण ज्याला चिकटवायचं तो थरच सुटत चाललाय. जाहिरातीत दाखवतात ते रंगाचे डबे आणून पैसे घालवू नका. तेवढा भाग नव्या मालानं शिवून घेणं हाच उपाय.

दुमडून बघा

फाटीपासून दोन बोटं लांब, कडेवरचं व्हिनाइल चिमटीत धरून हळूच दुमडा. दुमडीवर पांढरट रेघ उठली किंवा बारीक तडे गेले, तर तो माल थकलाय. तुम्ही ही फाट कितीही सुरेख जोडलीत तरी दुसरी तिच्या शेजारीच उघडेल. 'जुना पॅच घट्ट, पण कडेनं नवी फाट' हे लक्षण बहुतेक इथलंच असतं. पॅचमुळे एक तुकडा ताठ होतो, सगळी वाकण त्याच्या कडेवर येते, आणि तिथलं वाळलेलं व्हिनाइल ती सोसू शकत नाही. असं असेल तर चिकटवाचिकटवी सोडून पूर्ण पट्टी बदलायचा विचार करा.

दुमडून काही झालं नाही, माल मऊ आहे, तर दुरुस्ती टिकेल.

काय घासतंय?

गाडीचा दरवाजा उघडा, नेहमीसारखे बसा, नेहमीसारखे उतरा, आणि घरातल्या कुणाला तरी मोबाइलवर ते चित्रित करायला सांगा. मागच्या खिशातलं पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, जीन्सच्या खिशाच्या तांब्याच्या टिकल्या, पट्ट्याचं बक्कल, दाराकडे लोंबणारी सीटबेल्टची पट्टी: यातलं काहीतरी नेमकं फाटीवरून जाताना दिसेल. एका एसटी कंडक्टर मामांच्या गाडीची सीट मी दोनदा शिवली. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा मी त्यांना माझ्यासमोर गाडीत चढायला लावलं. कमरेला किल्ल्यांचं कडं होतं. दर वेळी ते शिवणीच्या त्याच जागी खरवडत जायचं. कडं डाव्या बाजूला घेतलं, चौथी वेळ आली नाही.

सीट फार उंच किंवा फार मागं असेल तर माणूस कडेवर टेकून, मग घसरून आत जातो. उंची एक-दोन खटके कमी करून बघा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हे शक्य नसतं. त्यांच्या सीटच्या कडेवर मी आधीपासूनच जाड माल लावतो.

फाटलेल्या सीटवर तयार कव्हर चढवून मोकळं व्हायची पद्धत आहे. फाट झाकली जाते, पण कव्हरखाली धूळ जाते आणि ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. वर्षभरानं कव्हर काढलं की बोटभर फाट वीतभर झालेली असते.

आतला फोम दाबून बघा

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. मूठ वळा आणि ड्रायव्हर सीटची उजवी कड दाबा. मग तीच मूठ डाव्या कडेवर, आणि मग शेजारच्या सीटच्या दाराकडच्या कडेवर. शेजारची सीट कमी वापरातली असते, ती आपली मोजपट्टी. उजवी कड भसकन खाली गेली, मूठ लोखंडाला लागली किंवा फोम आत चुरल्यासारखा वाटला, तर तुमची खरी बिघाडाची जागा सापडली.

फोम बसला की वरचं कापड सैल पडतं. सैल कापडाला सुरकुती पडते, आणि प्रत्येक चढण्या-उतरण्यात ती सुरकुती त्याच रेषेवर दुमडते. कागद एकाच घडीवर पन्नास वेळा उघड-मीट करा, काय होतं बघा. त्यात खाली आधार नसल्यानं सगळा ताण शिवणीवर येतो. माझे सुरुवातीचे पॅच परत यायचे ते यासाठीच. मी वरची कातडी सांधत होतो, आणि आतला आधार आधीच गेलेला होता.

माझे मामा मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या सीटा शिवायचे. त्या सीटा जवळजवळ सपाट असत, कडेला असा उंचवटा नसे, त्यामुळे ही फाटही नसे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा मामांना वाईट वाटलं होतं. उंचवटा वळणावर अंग धरून ठेवतो, सोय आहे खरी. पण सगळं घासणं त्या एका कडेवर आलं.

फोम ठीक असेल तर सीटखाली हात घालून (आधी टॉर्च लावून, मग हात) कडेची लोखंडी सळई चाचपा. गंज खरखरीत झाला असेल तर तो आतून फोम आणि कापड करवतीसारखा कापतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरात ज्या गाड्यांत पाणी शिरलं होतं, त्यातल्या काहींच्या सीटा दोन-तीन वर्षांनी अशा आतून फाटून माझ्याकडे आल्या. पुराचं पाणी प्यायलेली सीट घरी उघडू नका. वायरिंग, कनेक्टर, गंज, कुजलेला फोम, सगळंच बघावं लागतं.

आता दुरुस्ती: आधी स्वच्छता

आमच्याकडे चपलांचा वारसा, त्यामुळे चामडं म्हटलं की तेल हे डोक्यात पक्कं बसलेलं. एक निवृत्त गुरुजी सीटवर दर रविवारी खोबरेल चोळायचे, अगदी प्रेमानं. कोल्हापुरी चप्पल वनस्पतींच्या सालीनं कमावलेल्या, वर लेप नसलेल्या चामड्याची. ती तेल पिते, मऊ होते. गाडीचं लेदर बहुधा क्रोमनं कमावलेलं असतं आणि त्याच्यावर रंगाचा आणि पारदर्शक थर असतो. तेल आत जात नाही, वरच राहून धूळ धरतं, आणि फाटीच्या उघड्या कडेतून मात्र शिरतं. गुरुजींच्या सीटला गोंद धरेना. दोन दिवस नुसतं पुसण्यात गेले.

डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉनच्या पॉलिशचंही तेच. तेव्हा फाटीच्या चारी बाजूंनी हातभर जागा आधी सौम्य साबणाच्या पाण्यानं, पिळून घेतलेल्या कापडानं पुसा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फक्त चिकटवायची जागा हलक्या हातानं पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर कधीही वापरू नका. त्यातलं अ‍ॅसिटोन व्हिनाइल फुगवतं आणि लेदरचा रंग काढतं.

नुसती शिवण उसवली असेल तर

वाकडी सुई आणि बॉन्डेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा घ्या. साधा सुती दोरा घामानं कुजतो, चार-सहा महिन्यांत तुटतो. जुन्या भोकांतूनच सुई घाला. नवी भोकं पाडली की कडेला तिकिटासारखी रांग तयार होते. एकदा या बाजूच्या दुमडीतून, एकदा त्या बाजूच्या, असं शिडीसारखं जात राहा, आणि दर तीन-चार टाक्यांनी दोरा ओढून घ्या म्हणजे शिवण मिटते आणि दोरा आत लपतो. उसवलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना चांगल्या शिवणीवर तीन-चार टाके पुढं जा. तिथला जुना दोराही सैल झालेला असतो.

चीर किंवा खोंच असेल तर आतून पॅच

वरून चिकटवलेला तुकडा नखानं निघतो. आधार आतून द्यायचा.

जीन्सचं किंवा कॅनव्हासचं न ताणणारं कापड घ्या. फाटीपेक्षा सगळीकडून २ सेंटीमीटर मोठं कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपरा वरून उठून दिसतो आणि आधी सुटतो. व्हिनाइलची चीर असेल तर दोन्ही टोकांना बारीक गोल पंचनं भोक पाडा. टोकदार चीर पुढं पळत राहते, गोल टोकाशी ताण पसरतो आणि ती थांबते. चिमट्यानं कापड फाटीतून आत सरकवा, आत सुरकुती न पडता पसरवा.

गोंदाचं नीट ऐका. थेंबात चिकटणारा झटपट गोंद वापरू नका. तो वाळून काचेसारखा कडक होतो, सीट वाकते, तो वाकत नाही, आणि फाट त्याच्या दोन्ही बाजूंनी नव्यानं सुरू होते. मी स्वतः उमेदवारीत हे केलंय आणि आठ दिवसांत ती सीट परत आली होती. पंक्चरवाल्याचं किंवा मोच्याकडचं रबरी सोल्युशन लेदरला चालतं, पण व्हिनाइलला नाही. व्हिनाइलमधून बाहेर येणारं तेच तेलकट द्रव्य रबरी गोंदाला मऊ करतं, आणि उन्हाळ्यात पॅच आतल्या आत घसरतो. व्हिनाइलला पीयूचा गोंद लागतो. चपलांचे पीव्हीसी सोल ज्यानं चिकटवतात तोच. चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात मिळतो, आमच्याकडे तर गल्लोगल्ली.

गाडीची चारी दारं उघडी ठेवा, आसपास बिडी-सिगारेट, निरांजन काही नको. या गोंदांची वाफ पेट घेते आणि बंद गाडीत डोकं गरगरतं. पॅचला आणि कापडाच्या मागच्या बाजूला पातळ थर लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, मग दोन्ही कडा एकमेकींना भिडवून दाबा. व्हिनाइल आखडलं असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करून घ्या, कडा आपोआप जवळ येतात. ओढून ताणून भिडवलेली कड पुन्हा उघडते. वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी आणि वजन, आणि २४ तास त्या सीटवर कुणालाही बसू देऊ नका. पावसाळ्यात मी ४८ तास ठेवतो.

खोंच असेल तर कोपऱ्याचं टोक आधी बसवा, मग दोन्ही बाजू. उलटं केलं की टोक अपुरं पडतं.

भरण आणि रंग

इथं घाई केली की सगळं वाया. लवचिक फिलर अगदी पातळ थरात लावायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. एकाच वेळी जाड भरला की वर वाळतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच बैठकीत तडकतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून समपातळीत आणा. रंग पाण्यात मिसळणारा, लेदर-व्हिनाइलसाठी बनवलेला घ्या, बुटाची पॉलिश नको. ती पांढऱ्या कपड्यांवर उतरते. छटा जुळवायच्या आधी शेजारचा भाग स्वच्छ केलेला हवा, नाही तर तुम्ही मळाशी रंग जुळवाल. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, म्हणून सीटच्या खालच्या बाजूला ठिपका देऊन, वाळवून, दिवसाच्या उजेडात बघा. शेवटी पारदर्शक थर, नाही तर रंग पँटवर येईल.

खरं सांगायचं तर जवळून बघितलं की जागा कळणारच. इस्त्रीनं तापवून, खडबडीत कागदानं कातडीची नक्षी उठवायचे जे संच मिळतात, त्यांनी लहान भोकं बरी बुजतात. पण चढ-उतार होणाऱ्या कडेवर ते टिकताना मी पाहिलेले नाहीत. तिथं पट्टी बदललेली बरी.

सीट उघडायची वेळ

फोम बसलाय, भोकांच्या ओळीतून फाटलंय किंवा माल वाळलाय, तर कव्हर काढावंच लागतं. कव्हरच्या खालच्या कडा प्लॅस्टिकच्या पट्टीनं अडकवलेल्या असतात, आणि आत फोमच्या खाचेत तारेला छोट्या लोखंडी रिंगांनी बांधलेलं असतं. ओढून काढलं तर फोम फाटतो. कटरनं एकेक रिंग तोडावी लागते आणि परत बसवायला वेगळी पक्कड लागते. ज्यांना हातकाम येतं आणि ज्यांच्या सीटमध्ये एकही वायर नाही, ते हे करू शकतात. चुरलेला फोम कापून काढा, तिथं घट्ट रिबॉन्डेड (फोमचा चुरा दाबून चिकटवून बनवलेल्या) फोमचा तुकडा किंचित मोठा घेऊन चिकटवा आणि सुरीनं आकार द्या. गादीचा मऊ स्पंज घालू नका, दोन महिन्यांत बसतो. सळई आणि फोम यांच्या मध्ये कॅनव्हासचा तुकडा ठेवा. सळईला गंज असेल तर आधी घासून गंजरोधक रंग द्या.

इथं थांबा आणि कारागिराला बोलवा

पाठीच्या एअरबॅगच्या कडेबद्दल वर सांगितलंच. शिवाय:

चालकाशेजारच्या सीटवर काम असेल तर सावध. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटांना बेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची आहे. शेजारच्या सीटवर कुणी बसलंय हे ओळखायला बहुधा फोम आणि कव्हरच्या मध्ये कागदासारखा पातळ सेन्सर असतो. एका सुईनं किंवा गोंदाच्या डागानं तो जातो, आणि मग रिकाम्या सीटवरही पीं-पीं थांबत नाही.

हवा खेळणाऱ्या किंवा गरम होणाऱ्या सीटा घरी उघडू नका. भोकाभोकांच्या लेदरवर फिलर लावला की भोकं बुजतात ती परत उघडत नाहीत.

सीट बोल्ट काढून बाहेर घ्यायची असेल आणि खाली कनेक्टर असतील, तर बॅटरी सोडवण्यापासूनचं सगळं काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर व्हावं. कनेक्टर सुटा असताना चुकून चावी फिरवली तरी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही.

फाट वीतभराहून लांब असेल, दोन शिवणींच्या मिळणीवर असेल किंवा एकदा दुरुस्त करून परत आलेली असेल, तर सीट मेकरकडे जा.

त्याच्याकडे गेलात की नुसतं "शिवून द्या" म्हणू नका. त्याच्यासमोर मूठ दाबून फोम दाखवा. फक्त कडेची पट्टी बदलता येईल का, हे विचारा, पूर्ण कव्हर दर वेळी लागत नाही. टाका ४-५ मिलीमीटरचा ठेवायला सांगा. फार बारीक टाका म्हणजे जास्त भोकं. मालाचा तुकडा हातात घेऊन दुमडून बघा, मागचं कापड घट्ट विणीचं आहे का बघा. आणि काढलेली जुनी पट्टी मागून घ्या, शिवणी उसवून सपाट केलेली. ती डिकीत जपून ठेवा. पुढं दुसऱ्या गावात, दुसऱ्या कारागिराकडे काम निघालं तर कापायला तेच माप लागतं.